आर्वेलाच्या पातेल्यात मोझेलचा चमचा

ऑगस्ट महिन्यात आमच्या स्वीटगम गावातल्या कुठल्याही बाईचे हात बघावेत. दोन्ही अंगठे जांभळे. जांभळ्या सालीच्या चवळीच्या शेंगा सोलून सोलून रंग असा मुरतो की त्याच्यापुढे साबण हरतो, लिंबू हरतं. रविवारी चर्चला येताना बायका पांढरे हातमोजे घालतात ते देवाच्या मानासाठी की अंगठे झाकायला, हे त्या देवालाच ठाऊक. आर्वेला स्ट्रोझिअर मात्र हातमोजे घालत नसे. ती पहिल्या बाकावर बसायची आणि गाण्याचं पुस्तक असं धरायची की मागच्या चार रांगांना अंगठे दिसावेत. तिच्या परसातल्या चवळीबद्दल अख्ख्या दक्षिण जॉर्जियात, म्हणजे निदान माउंट नेबो चर्चच्या अख्ख्या अंगणात, दुमत नव्हतं.

म्हणजे, एका बाईचं होतं. आणि ती बाई नेमकी तिची नणंद होती.

मोझेल ही तिच्या नवऱ्याची, लिओटिसची, थोरली बहीण. रस्त्याच्या अलीकडे आर्वेलाचं घर, पलीकडे मोझेलचं. दोन्ही घरांच्या पडव्या समोरासमोर, त्यामुळे एकीला शिंक आली तर दुसरीला कळावी. आर्वेला नवी नवरी होऊन आली त्या पहिल्या रविवारी तिने सासरच्या सगळ्या माणसांसाठी चवळी शिजवली. धुरी दिलेलं डुकराचं हाडूक घातलं, वर कोवळ्या भेंड्या अख्ख्याच मांडल्या, तिची आई मांडायची तशा. सगळे टेबलाशी बसलेले, पाद्रीही होते. तेवढ्यात मोझेल चुलीपाशी गेली, विचारलं नाही की काही नाही, सरळ पातेल्यात चमचा घातला, चाखलं आणि भरल्या टेबलाकडे वळून म्हणाली, "लिओटिस, तुझ्या बायकोला सांग, मीठ दुकानात मिळतं."

सगळे हसले. लिओटिसही हसला. लिओटिसच्या हसण्याचा हिशेब पुढे घरात व्हायचा तसा झाला. पण आर्वेलाने तो चमचा पातेल्यातून काढला, धुतला, पुसला आणि मोझेलच्या हातात ठेवला.

"हा घे. माझ्या पातेल्यात तुझा चमचा पुन्हा पडायचा नाही."

आमच्याकडे बाईच्या पातेल्यात तिने बोलावल्याशिवाय कुणी चमचा घालत नाही. नवरा नाही, पाद्री नाही. त्यामुळे चूक मोझेलचीच होती, हे सगळ्यांनी मानलं. पण चवळीत मीठ नव्हतं, हेही सगळ्यांना माहीत होतं, आणि खरी जखम ती होती.

त्यानंतर चाळीस वर्षं गेली. आर्वेलाने शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी केली, गावातल्या निम्म्या माणसांना लहानपणी तिनेच जेवू घातलं. घरी आली की परसात. गुड फ्रायडेला पावटे पेरायचे, मग चवळी, मका, टोमॅटो, भेंडी, पिवळे वाकड्या मानेचे भोपळे. थंडी पडली की कॉलर्ड, कोबीच्या जातीचा पाला. तालुक्याच्या गावात अलीकडे एक हॉटेल निघालंय. त्याच्या पाटीवर लिहिलंय, 'शेतातून थेट टेबलावर'. लिओटिसने पाटी वाचली आणि म्हणाला, "मग आपण इतकी वर्षं कुठे नेत होतो, छपरावर?" तेवढंच काय ते लिओटिसचं विनोदाचं खातं. एरवी तो दोनच शब्द बोलायचा. जेवण कसं झालंय विचारलं की, "बरं आहे." उत्तम झालं तरी बरं आहे, करपलं तरी बरं आहे.

आणि मोझेल? मोझेल मक्याच्या पावात साखर घालायची. आर्वेला म्हणायची, "त्याला केक म्हणतात, तो वाढदिवसाला कापतात." मोझेल म्हणायची, "काहींच्या हाताला गोडवा नसतो, म्हणून पावालाही नसतो." हे सगळं रस्त्यावरून, पडवीतून पडवीत. दरवर्षी जूनमध्ये परसातला पहिला टोमॅटो पिकला की आर्वेला त्याच्या जाड चकत्या करायची, पांढऱ्या पावाला मेयोनेज फासायची, मीठ, मिरी, आणि मोरीपाशी उभं राहून, रस कोपरापर्यंत ओघळू देत खायची. मग तोंड न पुसताच पडवीत येऊन ओरडायची, "मोझेल! माझा आला! तुझा कुठाय?"

यंदा ती ओरडली नाही.

त्याचं असं झालं की फेब्रुवारीत तिला ताप आला. ताप गेला आणि जाताना जिभेवरचं सगळं घेऊन गेला. आधी तिला वाटलं कॉफीच जुनी आहे. मग वाटलं, कॉलर्ड उतरला असेल. ओला कागद चावल्यासारखा लागत होता. डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाला, चव परत येईल, किंवा येणारही नाही. एवढं तर ती स्वतःच सांगू शकली असती. बाहेर पिकअपमध्ये लिओटिस थांबला होता. त्याला म्हणाली, "रक्तदाब आहे म्हणे." तो म्हणाला, "बरं आहे."

तरी तिने धीर धरला होता. टोमॅटो येऊ दे, मग बघू, असं ती मनाशी म्हणत होती, जणू जीभ टोमॅटोचीच वाट बघत थांबली होती. जूनमध्ये पहिला पिकला. तिने चकत्या केल्या, पाव घेतला, मोरीपाशी उभी राहिली. रस कोपरापर्यंत ओघळला. दातांना कळलं की हे मऊ आहे, गालाला कळलं की हे गार आहे. बाकी काही नाही. तिने उरलेला अर्धा पाव कोंबड्यांना टाकला आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिली.

कुणाला सांगावं? सांगितलं की काय होणार, ते तिला पक्कं ठाऊक होतं. आमच्या चर्चमध्ये ज्या बाईचा स्वयंपाक संपला, तिला कुणी घालवून देत नाही. तिला प्रेमाने बर्फ आणायला सांगतात. मिस लुडीचं (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने मिसच म्हणतात) तेच झालं. एका वर्षी तिची मॅकरोनी भरल्या भांड्यानिशी घरी गेली, आणि पुढच्या वर्षी सगळ्या तिला म्हणाल्या, "लुडी, तू दमतेस गं, तू आपला बर्फ आण." तेव्हापासून लुडी चहासाठी बर्फ आणते आणि वचपा म्हणून सगळ्यांच्या बातम्या नेते. आर्वेलाला स्वप्नात बर्फाच्या पिशव्या दिसू लागल्या. चाळीस वर्षं टेबलाच्या मधोमध तिचं पातेलं होतं. ते गेलं की टेबलाशी तिची जागा कुठली?

म्हणून ती गप्प राहिली आणि हातांवर विसंबून शिजवत राहिली. हातांना सगळं येत होतं. लिओटिस रोज "बरं आहे" म्हणत होता. फक्त हल्ली दुपारचं जेवण झालं की तो उठून रस्ता ओलांडून बहिणीकडे जायचा. लुडीने त्यावरून दोन-तीन बातम्या तयार केल्या होत्या, पण त्या इथे नकोत.

ऑगस्ट आला. होमकमिंगचा रविवार म्हणजे गाव सोडून अटलांटाला, डेट्रॉइटला गेलेली सगळी पिलावळ परत यायचा दिवस. चर्चच्या अंगणात पेकनच्या झाडांखाली फळ्या टाकून लांबच लांब टेबल मांडतात, प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर नाव. त्या टेबलाचा एक कायदा आहे. कुणी कुणाच्या पदार्थाला नाव ठेवत नाही. सगळं 'वा' असतं, सगळं 'देवाची कृपा' असतं. खरा निकाल लागतो निघताना, भांडं रिकामं परत गेलं की भरलेलं, त्यावर. त्या दिवशी बायका नवऱ्यांकडे बघत नाहीत इतक्या एकमेकींच्या भांड्यांच्या बुडाकडे बघतात.

शनिवारी आर्वेलाने मोठ्या पातेल्यात चवळी चढवली. हाडूक टाकलं तेव्हा मीठ घातलं. मग लिओटिस टायरचं काहीतरी विचारायला आला. तो गेल्यावर तिने मीठ घातलं. भेंड्या मांडल्या, आणि पातेलं उतरवताना चाळीस वर्षांच्या सवयीने हात पुन्हा मिठाकडे गेला. तळहातावर रश्शाचा थेंब घेऊन जिभेला लावला. गरम होता. एवढंच कळलं.

रविवारी पहिला चमचा रेव्हरंड टॉलिव्हर यांनी घेतला. त्यांचे डोळे आपोआप मिटले. लोकांना वाटलं प्रार्थना करताहेत, आणि ते बहुधा करतच होते.

"मिस आर्वेला," डोळे उघडून ते म्हणाले, "ही चवळी... ही चवळी बोलते."

"किंचाळते," लुडी शेजारणीच्या कानात म्हणाली.

पण कायदा म्हणजे कायदा. एकाने घेतली म्हणून दुसऱ्याने घेतली. मिस आर्वेला समोरच उभी, अंगठे जांभळे, चेहरा असा की जणू परीक्षेचा निकाल ऐकायला आली आहे. कुणाची छाती होणार? "वा, मिस आर्वेला!" "यंदा तर कमाल!" "अजून थोडी वाढा, वाढाच!" ज्याला त्याला वाटलं, आपण आपली प्लेट घेऊन जरा झाडामागे जाऊन येऊ, कुणाला कळतंय? गार चहाची पिंपं दुपारच्या प्रवचनाआधीच संपली. लुडीचा बर्फ पुरला नाही, हे माउंट नेबोच्या इतिहासात पहिल्यांदा घडलं.

आणि मोझेल बरोब्बर समोर बसली होती. तिने एक घास खाल्ला. चावला. काटा खाली ठेवला. मग उरलेली चवळी काट्याने सरकवत सरकवत प्लेटच्या कडेला लावली आणि ती प्लेट तशीच, सगळ्यांना दिसेल अशी, टेबलावर ठेवून हात पुसले. असं आमच्याकडे कुणी करत नाही.

जळते मेली, आर्वेला मनात म्हणाली. चाळीस वर्षं झाली, अजून जळते.

निघायची वेळ झाली. आर्वेलाने पातेलं तिरकं करून बघितलं. रिकामं! पार बूड दिसत होतं. फेब्रुवारीपासून तिच्या छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला. हातांना येतं तर! जीभ गेली तर गेली! आणि त्या आनंदात ती मोठ्याने बोलून गेली, "रेव्हरंड, बुधवारी प्रार्थना-सप्ताहाचे पाहुणे पाद्री येणार ना? त्यांच्या जेवणाची वाटणी करू नका. बुधवारचं जेवण माझ्याकडे."

कुणाच्या तरी हातून भांड्याचं झाकण पडलं.

"सगळं?" रेव्हरंडनी विचारलं.

"सगळं."

लिओटिसने कुणाकडे तरी पाणी मागितलं.

सोमवारी सकाळी तिच्या लक्षात आलं की तिचा वाढायचा मोठा डाव चर्चमध्येच राहिला. ती चालत गेली. डाव पायरीवरच होता. परत फिरताना तिला कुंपणापाशी गवतात काहीतरी दिसलं. वाकून बघितलं तर चवळी. तिचीच, वर अख्खी भेंडी होती, आणि आमच्याकडे अख्खी भेंडी दुसरं कुणी घालत नाही. कुणाच्या हातून सांडली असेल बिचाऱ्याच्या, असं म्हणून ती पुढे सरकली. देवदाराच्या बुंध्याशी दुसरा ढीग. पंपाच्या खोलीमागे तिसरा. स्मशानाच्या भिंतीच्या फटीत, कागदी प्लेटसकट दुमडलेला, अजून एक. प्रत्येकाने एकटंच, गुपचूप, दुसऱ्याच्या नकळत जागा शोधली होती, आणि त्या जागा आता सगळ्या मिळून चर्चला वेढा घालून बसल्या होत्या. चर्चमागचे कुत्रे बुटाची वादीसुद्धा सोडत नाहीत. त्यांनी हुंगून सोडलेली दिसत होती.

एक ढीग पांढऱ्या रुमालात बांधलेला होता. रुमालाच्या कोपऱ्यावर टॉलिव्हर यांची आद्याक्षरं भरलेली. आणि जिथे आर्वेलाच्या घरचा पिकअप उभा होता तिथे, चाकाच्या खुणेशेजारी, चवळीबरोबर कच्च्या कांद्याची एक जाड चकती पडलेली होती. ती चकती आर्वेलाने स्वतः कापली होती. इतकी जाड चकती त्या अंगणात एकच माणूस खातो.

ती भिंतीवर बसली. आधी तिला राग आला, मग लाज वाटली. मग दोन्ही ओसरून जे उरलं ते या दोहोंहून जड होतं. लोक दुष्ट असते तर बरं झालं असतं. हे सगळे चांगुलपणाने वागले होते. तिच्या पातेल्याचं बूड दिसावं म्हणून एवढ्या माणसांनी उन्हात झाडामागे खेपा घातल्या होत्या. म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून रस्ता ओलांडून देतात, तसं तिला सगळ्यांनी मिळून काल रस्ता ओलांडून दिला होता, आणि तिला वाटत होतं की आपणच चालतो आहोत.

मग तिला ती प्लेट आठवली. कडेला लावलेली चवळी. सगळ्यांसमोर ठेवलेली. त्या अख्ख्या अंगणात एकाच बाईने तिला अजून स्वयंपाकीण मानलं होतं, जिच्या चवळीला वाईट म्हणता येतं अशी.

घरी आली तर लिओटिस पडवीत शेंगा सोलत बसला होता.

"कालची चवळी कशी होती?"

"बरी होती."

"खरं सांग."

"बरीच होती की."

"तुझा कांदा पिकअपखाली पडला होता."

लिओटिसचा हात शेंगेतच थांबला. तो म्हणाला, "वेला, चाळीस वर्षं मी बरं आहे म्हणत आलो. आता मधेच दुसरं काय म्हणू?"

"आणि रोज दुपारी मोझेलकडे काय करतोस?"

"पाणी पितो," लिओटिस म्हणाला.

तिला हसू यायला हवं होतं, आलंही असतं, पण बुधवार समोर उभा होता. एक वाट सोपी होती. फोन उचलायचा, बरं वाटत नाही म्हणायचं. रेव्हरंडना इतका आनंद झाला असता की त्यांनी घरी येऊन प्रार्थना केली असती. आणि पुढच्या वर्षी कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणालं असतं, मिस आर्वेला, तुम्ही दमता हो. मंगळवारभर ती फोनच्या भोवती घुटमळली आणि मंगळवारभर तिने फोन केला नाही.

बुधवारी पहाटेच ती परसात गेली. चवळी तोडली, भेंडी तोडली, मक्याची कणसं, टोमॅटो, भोपळे. सोलून, चिरून सगळं चुलीवर चढवलं. मग पदराला हात पुसावेत तसे एप्रनला हात पुसले आणि चाळीस वर्षांत जो रस्ता तिने शिव्या देण्यापुरताच ओलांडला होता, तो ओलांडला.

मोझेल पडवीत बसली होती. तिचेही अंगठे जांभळे.

"काय गं," मोझेल म्हणाली, "मीठ संपलं?"

"मोझेल, मला चव लागत नाही." फेब्रुवारीपासून पहिल्यांदा ते वाक्य हवेत आलं आणि आर्वेलाला आश्चर्य वाटलं, किती लहान वाक्य आहे. "कशाचीच नाही. ताप आला तेव्हापासून."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं? लुडीने?"

"लुडीला काय कळतंय! जूनमध्ये तू ओरडली नाहीस." मोझेल समोरच्या परसाकडे बघत होती. "मी आपली रोज सकाळी इथे बसून वाट बघायची. तुझे टोमॅटो लाल झालेले मला इथून दिसत होते. म्हटलं, मेली ओरडत का नाही? आठवडा गेला, दोन गेले. मग कळलं काय ते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्या पातेल्यात माझा चमचा नको होता ना?"

आर्वेला उभीच राहिली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, कलिंगडांनी भरलेला. त्याची धूळ दोन्ही पडव्यांवर बसली.

"चल," शेवटी आर्वेला म्हणाली. "आण तुझा चमचा."

मोझेल उठली. गुडघे धरत, कुरकुरत, तुझ्या घराला पायऱ्या किती उंच, म्हणत आली. पण चमचा तिच्या एप्रनच्या खिशात आधीपासूनच होता, हे आर्वेलाने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

चवळीच्या पातेल्यापाशी मोझेल थांबली. झाकण काढायच्या आधी तिने आर्वेलाकडे बघितलं. आर्वेलाने मान डोलावली. चमचा आत गेला. मोझेलने फुंकर मारली, चाखलं, आणि तिचे खांदे हलायला लागले.

"काय झालं?"

मोझेलला हसू आवरेना. "अगं, मीठ! मीठच नाही!"

खरं होतं. भीतीने आर्वेलाने या वेळी कणभरसुद्धा घातलं नव्हतं. ती मिठाचा डबा हातात धरून उभी राहिली. समोर ती बाई, जिने याच पातेल्यावरून भरल्या टेबलासमोर तिचं हसं केलं होतं. आता ही सांगेल तेच खरं. ही म्हणाली अजून घाल, तर घालायचं. खोटं बोलली तर संध्याकाळी कळणार, आणि तेही आपल्याला नाही, इतरांच्या तोंडाकडे बघून.

तिने चिमूट सोडली. "बास?"

"घाल अजून."

"बास?"

"हाताला लकवा झाला का? घाल."

"आता?"

मोझेलने चाखलं. मग पुन्हा चाखलं. "आता बास."

"चाखायला एक चमचा लागतो. तू दोन घेतलेस."

"दुसरा खात्रीचा."

असं करत करत त्या भेंडीशी गेल्या, मग मक्याशी, मग भोपळ्याशी. भोपळ्यात मिरी कमी, टोमॅटोला काही नको, मक्यात लोणी जरा सढळ हाताने. मोझेल बोलत होती, आर्वेलाचे हात चालत होते. मध्येच आर्वेला थांबली.

"मोझेल, मिठाचं नको सांगूस. लागते कशी, ते सांग. चवळी."

मोझेल शब्दांची बाई नव्हे. टोमण्यांची आहे, पण ते वेगळं. तिने डोळे बारीक केले, तोंड हलवत राहिली. "आधी धूर लागतो. मग चवळी पिठासारखी विरते. भेंडी सुळकन जाते... आणि शेवटी जरा हिरवं काहीतरी राहतं मागे."

"हिरवं म्हणजे कसं?"

"आता कसं सांगू? शेंग सोलताना नखात शिरतं ना? तो वास. तसं."

आर्वेलाने आपला अंगठा वर करून बघितला. मग वळून तिने पावासाठी मक्याचं पीठ कालवायला घेतलं. मोझेल टेबलावरच्या साखरेच्या बरणीकडे बघत होती.

"त्याला हात लावलास तर हात मोडीन," पाठ न वळवता आर्वेला म्हणाली.

संध्याकाळच्या प्रार्थनेआधी, उन्हं कलती असतानाच, चर्चच्या जेवणघरात टेबल मांडलं. मंडळी आली ती लढाईला निघाल्यासारखी. एकीची पर्स नेहमीपेक्षा मोठी होती. कुणीतरी खिडकीजवळची खुर्ची धरण्यासाठी चक्क धावलं. लुडीने दुप्पट बर्फ आणला होता आणि तो टबात रचताना तिचा चेहरा गंभीर होता.

आर्वेलाने सगळं वाढलं. मग ती रेव्हरंड टॉलिव्हर यांच्यापाशी गेली आणि त्यांच्या प्लेटशेजारी एक रुमाल ठेवला. धुतलेला, इस्त्री केलेला, आद्याक्षरं वर येतील असा घडी घातलेला.

"तुमचा रुमाल, रेव्हरंड. कुंपणापाशी एकटाच बसला होता."

रेव्हरंड कानापर्यंत तापले. टेबलभर ज्याची त्याची नजर ज्याच्या त्याच्या प्लेटमध्ये बुडाली. प्रत्येकाला त्या क्षणी कळलं की फक्त आपणच नव्हतो.

पाहुणे पाद्री मेकनहून आलेले, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी 'आमेन' म्हटलं आणि सरळ चवळीत पाव बुडवून घास घेतला. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, आणि मग भांडं स्वतःकडे ओढून शेजाऱ्याला विचारलं, "तुम्ही कुणी घेत नाही का? मग मी घेऊ?"

तेव्हा कुठे रेव्हरंडनी भीत भीत काटा उचलला. मग पर्सवालीने. मग खिडकीवाल्याने. हळूहळू बोलणं बंद पडलं आणि नुसते काट्यांचे आवाज येऊ लागले. आर्वेला दाराशी उभी राहून तोंडं बघत होती. तिला स्वतःला त्यातलं काही मिळणार नव्हतं. त्या तोंडांवरून जेवढं कळेल तेवढंच तिचं. ते तिने हावरटासारखं बघून घेतलं.

"कसं आहे?" तिने लिओटिसला विचारलं.

लिओटिसला 'बरं आहे' म्हणायलाही सवड नव्हती. त्याचं तोंड भरलेलं होतं, आणि हात भांड्याकडे निघालेला होता.

मोझेलने पावाने प्लेट पुसून घेतली, इतकी की फुलांची नक्षी दिसू लागली. मग सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "पावात साखर हवी होती."

"केक हवा असेल तर घरी जाऊन खा," आर्वेला म्हणाली.

जेवणं उरकून माणसं प्रार्थनेला आत गेली. टबात बर्फ जवळजवळ तसाच राहिला होता. लुडीने तो उचलून बाहेर फुलझाडांच्या मुळाशी ओतला आणि कुणाला काय सांगायचं ते मनात जुळवत बसली. आर्वेला भांडी धूत होती, मोझेल शेजारी उभी होती. चवळीच्या पातेल्याच्या तळाशी तिला मोझेलचा चमचा सापडला. तिने तो धुतला, पुसला.

मोझेलने हात पुढे केला. "दे इकडे."

आर्वेलाने चमचा स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकला.

"उद्या ये न्यायला. सकाळीच ये, पावटे चढवायचेत."